कलाकृतींची अंशमालकी

कलाकृतींची अंशमालकी : चित्र, शिल्प यांसारख्या मूल्यवान कलाकृतीच्या मालकीहक्काचे समान मूल्याच्या लहान अंशांत विभाजन करून ते अंश अनेकांना विकण्याची आणि अशा रीतीने कलाकृती संपूर्णपणे न विकता तिच्यातून रोख रक्कम उभी करण्याची पद्धती. या अंशांची नोंद पूर्वी भागपत्रांवर किंवा मंडळाच्या वहीत होत असे. २०१७-१८ च्या सुमारास ही नोंद ब्लॉकचेन या संगणकीय नोंदवहीत करण्यास प्रारंभ झाला. तेथे प्रत्येक अंश एका अंकीय चिन्हाने दर्शविला जातो. या चिन्हास ‘टोकन’ असे म्हणतात. टोकन म्हणजे चित्राचा तुकडा नव्हे आणि चित्राची प्रतही नव्हे. चित्रावरील आर्थिक हक्काच्या ठराविक अंशाचा तो पुरावा होय.

पार्श्वभूमी : जमीन पिकते, घराचे भाडे येते, रोख्यांवर व्याज मिळते, भिंतीवरच्या चित्रापासून मात्र मालकास नियमित उत्पन्न मिळत नाही. उलट विमा, सुरक्षा, योग्य तपमान व आर्द्रता राखणे यांवर खर्च होत राहतो. चित्र ही अविभाज्य वस्तू असल्याने पैशाची गरज भागविण्यासाठी तिचा काही भाग विकता येत नाही. त्यामुळे रोख रक्कम हवी असणाऱ्या संग्राहकापुढे दोनच परंपरागत मार्ग होते. पहिला विक्रीचा. त्यात लिलावासाठी काही महिने थांबावे लागते, दलाली व कर द्यावा लागतो आणि लिलावात अपेक्षित बोली न आल्यास चित्राची बाजारातील पतही घसरते. दुसरा मार्ग तारणाचा. न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारांत चित्रे तारण ठेवून कर्ज देणाऱ्या संस्था आहेत. सदबीज या लिलावसंस्थेने अशी शाखा १९८८ मध्ये सुरू केली. मात्र कर्ज अंदाजित किंमतीच्या साधारणतः निम्म्याच्या आसपास मिळते आणि व्याज चालू राहते. अंशमालकी हा यांमधला तिसरा मार्ग होय. त्यात कर्ज नसल्याने व्याज नसते आणि मालकाकडे चित्राचा मोठा वाटा शिल्लक राहतो. त्याच्या मोबदल्यात भावी किंमतवाढीतील हिस्सा त्याला इतरांना द्यावा लागतो.

पूर्वेतिहास : अनेकांनी मिळून चित्रे विकत घेण्याची कल्पना नवी नाही. पॅरिसमध्ये १९०४ साली आंद्रे लेव्हेल यांनी ‘ला पो द लूर्स’ (अस्वलाचे कातडे) नावाचे मंडळ स्थापन केले. अस्वल मारण्यापूर्वीच त्याचे कातडे विकू नये, या बोधकथेवरून हे नाव विनोदाने घेतलेले होते. तेरा भागीदारांनी दरसाल प्रत्येकी २५० फ्रँक जमा करावे, त्यातून नव्या चित्रकारांची चित्रे घ्यावी, ती आपापल्या घरी आळीपाळीने लावावी आणि दहा वर्षांनी सर्व संग्रह विकावा, अशी ही योजना होती. २ मार्च १९१४ रोजी ओतेल द्रुओ या लिलावगृहात संग्रहाची विक्री झाली. पाब्लो पिकासो (१८८१–१९७३) यांचे डोंबारी कुटुंबाचे भव्य चित्र मंडळाने १९०८ मध्ये १,००० फ्रँकला घेतले होते. त्यास ११,५०० फ्रँकची बोली आली. विशेष म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा चित्रकारांना देण्यात आला. हे चित्र सांप्रत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलावीथीत आहे.

मोठ्या प्रमाणावरील सामूहिक गुंतवणुकीचे अभ्यासनीय उदाहरण ब्रिटिश रेल्वेच्या निवृत्तिवेतन निधीचे आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये महागाईने रोख्यांचे मूल्य घटत असताना, १९७४ पासून या निधीने सुमारे ४ कोटी पौंड कलावस्तूंत गुंतविले. पुढे टप्प्याटप्प्याने विक्री झाली, तेव्हा एकूण परतावा द. सा. द. शे. ११ च्या थोडा वर पडला. तथापि महागाई वजा जाता तो बराच कमी होता आणि यशाचा मोठा भाग १९८० च्या दशकाच्या अखेरच्या तेजीत विकलेल्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रांचा होता. योग्य वेळी खरेदी व योग्य वेळी विक्री यांवर सर्व भिस्त असते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष पुढील सर्व योजनांना लागू पडतो.

कार्यपद्धती : अंशमालकीची योजना सामान्यतः पाच टप्प्यांत उभी राहते. प्रथम कलाकृतीची अस्सलता, तिचा मालकी-इतिहास आणि तिच्यावर कर्ज वा वाद नाही याची खात्री करून घेतली जाते. नंतर तज्ञांकडून मूल्यांकन होते. तिसऱ्या टप्प्यात त्या एकाच कलाकृतीसाठी स्वतंत्र कंपनी किंवा विश्वस्त निधी स्थापून मालकी तिच्याकडे सोपविली जाते. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा होय. कारण कायद्याच्या दृष्टीने चित्राची मालक ही कंपनी असते आणि टोकनधारक हा त्या कंपनीतील हिस्सेदार असतो. चौथ्या टप्प्यात चित्र अभिरक्षकाच्या ताब्यात देऊन त्याचा विमा उतरविला जातो. अशी चित्रे पुष्कळदा करमुक्त कोठारांत ठेवली जातात; जिनीव्हाचे १८८८ पासूनचे कोठार त्यासाठी प्रसिद्ध आहे. शेवटी टोकने काढून ती विकली जातात आणि आलेली रक्कम खर्च वजा करून मूळ मालकास मिळते.

ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळी असंख्य संगणकांवर ठेवलेली सामाईक नोंदवही. तलाठ्याच्या दप्तरातील नोंद एका ठिकाणी असते व तिच्यावर एका कार्यालयाचा ताबा असतो. येथे प्रत्येक नवी नोंद सर्व प्रतींत एकदम होते आणि ती आधीच्या नोंदींशी गणिती खुणेने जोडलेली असल्याने मागील नोंद गुपचूप बदलणे जवळजवळ अशक्य होते. बिटकॉइन या आभासी चलनाद्वारे २००९ मध्ये ही पद्धती प्रथम वापरात आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियम या प्रणालीत नोंदीबरोबर कराराच्या अटीही आज्ञावलीच्या रूपाने साठविता येऊ लागल्या. त्यामुळे टोकनाचे हस्तांतर, विक्रीनंतर पैशाचे वाटप, मतदान इ. गोष्टी आपोआप घडवून आणता येतात.

अंशमालकीची टोकने परस्परविनिमेय असतात. एका चित्राचे कोणतेही टोकन दुसऱ्याइतक्याच मूल्याचे असते. याउलट ‘एनएफटी’ या नावाने प्रसिद्ध झालेली टोकने प्रत्येकी एकमेव असतात व बहुधा संगणकीय प्रतिमेशी निगडित असतात. अमेरिकन कलावंत बीपल यांच्या अशा कृतीस मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सु. ६.९३ कोटी डॉलर मिळाले, तेव्हापासून या दोन प्रकारांत सर्वसामान्य वाचकाची गल्लत होते. दोन्ही प्रकारांत टोकनाबरोबर लेखाधिकार आपोआप मिळत नाही. चित्राच्या प्रती छापण्याचा हक्क चित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडेच राहतो.

प्रमुख प्रयोग : २०१८ मध्ये लंडनमधील एका कलादालनाने मीसीनस या संगणकीय बाजारपेठेमार्फत अँडी वॉरहॉल (१९२८–८७) यांच्या ‘१४ स्मॉल इलेक्ट्रिक चेअर्स’ (१९८०) या चित्राचे अंश विक्रीस काढले. चित्राची किंमत ५६ लाख डॉलर धरली होती. ३१.५ टक्के अंश विकले जाऊन सु. १७ लाख डॉलर उभे राहिले. जुलै २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिग्नम या परवानाधारक बँकेने आर्टेमुंडी या कलागुंतवणूक संस्थेच्या सहकार्याने पिकासो यांच्या ‘फिएत ओ बेरे’ (१९६४) या चित्राची प्रत्येकी १,००० फ्रँकची ४,००० टोकने काढली. हा प्रयोग बँकेच्या देखरेखीखाली व खास कायद्याच्या आधारे झाल्यामुळे महत्त्वाचा मानला जातो. २०२२ मध्ये बेल्जियममध्ये जेम्स एन्सॉर (१८६०–१९४९) यांचे ‘कार्नाव्हाल द बँश’ (१९२४) हे चित्र सु. ८,८०,००० यूरोंना खरेदी करून त्याची प्रत्येकी १५० यूरोंची टोकने विकण्यात आली आणि चित्र अँटवर्पच्या राजकीय ललित कला संग्रहालयात दीर्घ मुदतीने ठेवण्यात आले. अमेरिकेत २०१७ मध्ये स्थापन झालेली मास्टरवर्क्स ही कंपनी याच तत्त्वावर चालते. परंतु ती प्रत्येक चित्रासाठी स्वतंत्र कंपनी काढून तिचे भाग रोखे आयोगाकडे नोंदवून विकते. अंशमालकीचा गाभा कायदेशीर रचनेत आहे व टोकन हे तिचे केवळ एक साधन आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

आर्थिक बाजू : योजनेचा हिशेब काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. २ कोटी रु. किंमतीच्या चित्राची प्रत्येकी १,००० रुपयांची २०,००० टोकने काढली. मालकाने ५१ टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली ९,८०० टोकने विकली, तर त्यास ९८ लाख रु. मिळतात. आठ वर्षांनी चित्र ३ कोटी रुपयांना विकले गेले असे मानू. चित्राची किंमत दीडपट झाली. म्हणजे वाढ दरसाल सु. ५.२ टक्के झाली. मात्र विक्रीवर १० टक्के दलाली गेल्यावर २ कोटी ७० लाख उरतात. व्यवस्थापन, विमा व साठवण यांसाठी मूळ किंमतीवर दरसाल दीड टक्का धरला, तर आठ वर्षांचे २४ लाख होतात. ते वजा करता २ कोटी ४६ लाख, म्हणजे प्रत्येक टोकनामागे १,२३० रु. मिळतात. हा परतावा दरसाल सु. २.६ टक्के होय. व्यवस्थापकाने नफ्याचा पाचवा हिस्सा घेतल्यास टोकनामागे १,१८४ रु. उरतात व परतावा सु. २.१ टक्क्यांवर येतो. तोही कर भरण्यापूर्वीचा. वार्षिक दीड टक्का व नफ्यातील २० टक्के हे दर मास्टरवर्क्ससारख्या कंपन्यांच्या आकारणीशी जुळणारे आहेत. चित्राच्या किंमतीतील वाढ आणि अंशधारकाच्या हाती पडणारी वाढ या दोन भिन्न गोष्टी असून पहिलीची जाहिरात होते व दुसरी फार उशिरा कळते.

धोके व मर्यादा : पहिला धोका मूल्यांकनाचा. प्रत्येक चित्र एकमेव असल्याने त्याचा रोजचा बाजारभाव नसतो. आरंभीची किंमत ज्याला पैसे हवे आहेत त्याच्याच पुढाकाराने ठरते आणि ती जास्त लावण्यात त्याचा थेट फायदा असतो. एकट्या खरेदीदाराप्रमाणे घासाघीस करणे हजार रुपयांचे टोकन घेणाऱ्यास शक्य नसते. उच्चांकी विक्रीच्या बातम्यांमुळे हा धोका वाढतो. अमृता शेरगिल (१९१३–४१) यांचे ‘द स्टोरी टेलर’ (१९३७) २०२३ मध्ये ६१.८ कोटी रुपयांना, तर म. फि. हुसेन (१९१५–२०११) यांचे ‘ग्रामयात्रा’ (१९५४) मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे १.३७५ कोटी डॉलरना विकले गेले. अशा आकड्यांवरून त्याच चित्रकारांच्या दुय्यम कृतींचेही मूल्य ठरविण्याचा मोह होतो. लिलावात न विकल्या गेलेल्या चित्रांची बातमी मात्र होत नाही.

दुसरा धोका रोखतेचा. टोकन कोणत्याही क्षणी विकता येते असे सांगितले जाते. परंतु विकण्याची तांत्रिक सोय असणे आणि समोर ग्राहक असणे यांत फरक आहे. खरेदीविक्रीची बाजारपेठच बंद पडल्यास टोकन शाबूत राहते, पण त्याचे पैसे करण्याचा मार्ग उरत नाही.

तिसरा धोका अस्सलतेचा. ब्लॉकचेन नोंदीचे रक्षण करते, वस्तूचे नाही. बनावट चित्राची नोंदही ती तितक्याच निष्ठेने जपते. न्यूयॉर्कमधील नोडलर हे जुने व प्रतिष्ठित कलादालन २०११ मध्ये बंद झाले, त्यापूर्वी तेथून रॉथको, पोलॉक आदींच्या नावावर विकलेली अनेक चित्रे बनावट असल्याचे पुढे उघडकीस आले. नामवंत दालन व जाणकार ग्राहक दोघेही फसू शकतात, हे या प्रकरणाने दाखविले.

खुल्या नोंदवहीचा खरा उपयोग वेगळ्या प्रकारची फसवणूक टाळण्यात आहे. इनिगो फिलब्रिक या कलाविक्रेत्याने एकाच चित्राचे हिस्से निरनिराळ्या गुंतवणूकदारांना विकले. काही कृतींच्या बाबतीत विकलेल्या हिश्श्यांची बेरीज शंभर टक्क्यांहून अधिक भरली. त्याने २०२१ मध्ये अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला व २०२२ मध्ये त्यास सात वर्षांची शिक्षा झाली. टोकनांची एकूण संख्या सर्वांस दिसत असती, तर एका योजनेत असे जादा हिस्से विकणे कठीण झाले असते. मात्र त्याच चित्रावर दुसरी योजना काढण्यास किंवा ते गुपचूप तारण ठेवण्यास नोंदवही प्रतिबंध करीत नाही. त्यासाठी विश्वासू अभिरक्षक व कायदा हेच लागतात.

कायदेशीर स्थिती : स्वतः कष्ट न करता दुसऱ्याच्या प्रयत्नांतून नफा मिळावा या अपेक्षेने सामाईक उद्योगात पैसे गुंतविणे म्हणजे रोख्यातील गुंतवणूक, हा निकष अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये हॉवी खटल्यात घालून दिला. बहुतेक टोकन-योजना या व्याख्येत बसतात. म्हणून त्यांना नोंदणी किंवा सूट यांपैकी एक मिळवावी लागते. स्वित्झर्लंडने २०२१ पासून अमलात आणलेल्या कायद्याने ब्लॉकचेनवरील नोंदीस रोख्याचा दर्जा दिला; तेथे टोकनाचे हस्तांतर हेच हक्काचे हस्तांतर ठरू शकते. यूरोपीय संघाचा २०२३ चा आभासी मालमत्तांविषयीचा विनियम वित्तीय साधनांना लागू होत नाही. रोख्याच्या स्वरूपाच्या टोकनांना तेथे रोखे बाजाराचे नेहमीचे नियम लागतात.

भारतात जंगम वस्तूची सामाईक मालकी कायद्यास मान्य आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार एक सहमालक आपला हिस्सा दुसऱ्या सहमालकास विकू शकतो. परंतु लोकांकडून पैसे गोळा करून, ते त्यांच्या वतीने सांभाळून नफा वाटण्याची योजना ही सामुदायिक गुंतवणूक योजना ठरते व १९९९ च्या विनियमांनुसार तिला ‘सेबी’कडे नोंदणी करावी लागते. कलानिधी या व्याख्येत येतात, असे सेबीने २००८ मध्ये जाहीर केले. त्यापूर्वीच, २००६ मध्ये, मुंबईच्या ओसियान्स या संस्थेने सुरू केलेल्या कलानिधीत सु. १०२ कोटी रु. जमा झाले होते. २००८ नंतरच्या मंदीत चित्रांचे भाव उतरले आणि मुदतीअंती पैसे परत करण्यास विलंब झाला. ही योजना नोंदणीविना चालविल्याचे ठरवून ती गुंडाळण्याचा व पैसे परत करण्याचा आदेश सेबीने २०१३ मध्ये दिला. स्थावर मालमत्तेच्या अंशमालकीसाठी सेबीने मार्च २०२४ मध्ये स्वतंत्र चौकट आखली. ती कलाकृतींना लागू नाही.

करआकारणीच्या दृष्टीने चित्रे व शिल्पे २००८-०९ या करनिर्धारण वर्षापासून भांडवली मालमत्तेत मोडतात. आभासी अंकीय मालमत्तेच्या नफ्यावर २०२२ च्या वित्त अधिनियमाने ३० टक्के कर लावला. ज्या एनएफटीच्या हस्तांतराने मूर्त वस्तूची मालकी कायदेशीर रीत्या हस्तांतरित होते, तिला मात्र त्याच वर्षीच्या अधिसूचनेने या वर्गातून वगळले. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमान्वये राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासह नऊ चित्रकारांच्या कृतींची निर्यात निषिद्ध आहे. त्यांच्या देशातील चित्राचे टोकन परदेशी व्यक्तीच्या नावे झाले, तरी चित्र देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याची अंतिम विक्रीही भारतीय बाजारातच करावी लागते.

सार्वजनिक हिताचा प्रश्न : अंशमालकीमुळे कोट्यवधींच्या कलाकृती सामान्य माणसाच्या आवाक्यात येतात, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. हे मालकीपुरते खरे आहे, दर्शनाच्या बाबतीत नेहमी नाही. कोठारात बंद ठेवलेल्या चित्राचे हजार मालक असले, तरी ते पाहणारा एकही नसतो. अँटवर्पच्या योजनेत टोकनधारकांबरोबर सर्व नागरिकांनाही चित्र पाहता येते, हा तिचा विशेष होय.

हा प्रश्न डिट्रॉइट शहराच्या दिवाळखोरीच्या वेळी तीव्रतेने पुढे आला. २०१३ मध्ये नादार झालेल्या या शहराच्या मालकीची चित्रे विकून देणी भागवावी, अशी धनकोंची मागणी होती. दुसऱ्या बाजूस हजारो निवृत्त कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन धोक्यात होते. क्रिस्टीजने शहराने खरेदी केलेल्या कृतींची किंमत ४५.४ ते ८६.७ कोटी डॉलर अशी आकारली आणि विक्रीऐवजी तारण, भाडेपट्टा, तसेच विश्वस्त निधी स्थापून त्यातील हिस्से अन्य संग्रहालयांना विकणे असे पर्याय सुचविले. अखेरीस २०१४ मध्ये दानसंस्था, राज्यशासन व संग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रकमेची हमी दिली. तीतून निवृत्तिवेतनातील कपात सौम्य झाली व संग्रह स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे जाऊन अखंड राहिला.

सामाईक मालकी नफ्याखेरीज अन्य हेतूनेही होऊ शकते. टिशन यांची डायनाविषयक दोन चित्रे लंडन व स्कॉटलंड येथील राष्ट्रीय कलावीथींनी २००९ व २०१२ मध्ये एकत्र खरेदी केली. रेम्ब्रांट यांची मार्टेन व ओप्येन या दांपत्याची व्यक्तिचित्रे फ्रान्स व नेदर्लंड्स यांनी २०१६ मध्ये १६ कोटी यूरोंना मिळून घेतली. ती दोन्ही देशांत आळीपाळीने व नेहमी एकत्रच दाखविली जातात. या व्यवस्थेत कोणालाही आपला हिस्सा विकून नफा मिळवावयाचा नसल्याने मूल्यांकनाचा व रोखतेचा प्रश्न उद्‌भवत नाही. टोकन-योजनेत तो प्रत्येक टप्प्यावर उद्‌भवतो. म्हणून अशा योजनेची पारख करताना चित्र कायद्याने कोणाच्या मालकीचे आहे, ते कोठे ठेवले आहे, त्याची किंमत कोणी ठरविली, दरसाल किती खर्च वजा होतो आणि विक्रीचा निर्णय कोण घेणार, या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे पाहणे आवश्यक असते. नोंदवहीचे तंत्र कितीही प्रगत असले, तरी या प्रश्नांची उत्तरे तिच्यात आपोआप निर्माण होत नाहीत.